बागांचा ताळेबंद



व्याख्यानमालेसाठी विषय निवडताना वक्त्यापुढे नेहमी दोन वाटा असतात. एक वाट राष्ट्र, संस्कृती, तत्त्वज्ञान अशा मोठ्या मुक्कामांकडे जाते. दुसरी आपल्या घरासमोरच्या गल्लीतून निघते आणि फार तर कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत पोहोचते. आम्ही आज ही दुसरी वाट धरली आहे. शहरातील बागा, मैदाने आणि मोकळ्या जागा आपले काम नीट करतात की नाही, हे मोजता येते काय, आणि येत असेल तर ते कशाने मोजावे, एवढाच आमचा प्रश्न आहे. उदाहरणासाठी आम्ही शीळफाटा निवडला आहे, आणि या निवडीला कारण आहे.

शीळफाटा म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना वाहनांची रांग आठवते. मुंब्र्याकडून पनवेलला जाणारा जुना रस्ता, कल्याणहून येणारा रस्ता आणि महापेकडे उतरणारा रस्ता येथे एकत्र येतात. न्हावा-शेव्याच्या बंदरातून भिवंडीकडे व गुजरातकडे निघालेले अवजड ट्रक येथूनच जातात. म्हणजे हे ठिकाण आपल्या मनात 'जाण्याचे' ठिकाण आहे, 'राहण्याचे' नव्हे. परंतु शीळ, डायघर, पडले, खिडकाळी ही गावे या रस्त्यांच्या कितीतरी आधीची आहेत. त्यांच्या भोवती आता चाळी, इमारती आणि गगनचुंबी नगऱ्या उभ्या राहिल्या आहेत. तेथे लक्षावधी नाही म्हटले तरी हजारो मुले वाढत आहेत. ती संध्याकाळी पाच वाजता कोठे जातात? या साध्या प्रश्नाचे उत्तर आज कोणत्याही कार्यालयातील कोणत्याही वहीत सापडत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर वहीत नाही, त्याला अंदाजपत्रकातही जागा मिळत नाही, हा नगरकारभाराचा जुना अनुभव आहे.

आकड्यांचे नाव काढले की सभागृहात थोडी चुळबूळ सुरू होते, हे आम्ही जाणतो. परंतु आकडे हे परक्यांचे शास्त्र आहे असे मानण्याचे कारण नाही. ज्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेच रानडे सार्वजनिक सभेच्या कामात आकड्यांचे केवढे आग्रही होते! सभेची स्थापना १८७० ची. १८७६-७७ च्या दुष्काळात या सभेने ठिकठिकाणी माणसे पाठवून पिकांची, धान्याच्या भावांची, उपासमारीची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे ठेवली. 'लोक फार हालात आहेत' हे वाक्य सरकारला बाजूला सारता येत होते. आकडे बाजूला सारणे कठीण होते. पुढे धनंजयराव गाडगिळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुणे शहराची घरोघर फिरून पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली निघाला. मुंबई विद्यापीठात १९१९ पासून समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकारही हेच सांगत असत की, आधी पाहणी करा आणि मग आराखडा काढा. तेव्हा बागेत जाऊन माणसे मोजणे हा विक्षिप्तपणा नाही. आपल्याच एका चांगल्या परंपरेचा तो धागा आहे.

आता मोजायचे काय, याकडे वळू. येथे आम्ही एक घरगुती दृष्टान्त घेतो. लग्नघरी पंगत कशी झाली हे चार रीतींनी सांगता येते. किती गहू आणले, ही एक रीत. किती पोळ्या लाटल्या, ही दुसरी. किती पाने तृप्त होऊन उठली, ही तिसरी. आणि दाराशी येऊन कोण उपाशी परत गेले, ही चौथी. यजमानाच्या वहीत पहिल्या रीतीचा आकडा असतो, आचाऱ्याच्या तोंडी दुसऱ्या रीतीचा. पण पंगतीची खरी कथा तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यांत असते.

बागांच्या बाबतीत आपल्या महापालिका अजून गव्हाच्या आणि पोळ्यांच्या हिशेबात आहेत. उद्यान खात्याला किती रुपये दिले, हे गहू झाले. किती बागा बांधल्या, किती बाके बसविली, किती झाडे लावली, या पोळ्या झाल्या. बागेत आले कोण, किती वेळ थांबले, आणि कोण येऊ शकले नाही, हे कोणी लिहून ठेवत नाही. यात केवळ एकेका अधिकाऱ्याचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही, कारण कायद्यांची रचनाच मुळी अशी आहे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने शहरातील झाडांची दर पाच वर्षांनी गणना करावयास सांगितले आहे. ही उत्तम गोष्ट आहे. परंतु त्या झाडांच्या सावलीत बसणाऱ्या माणसांची गणना करा, असे कोणताही कायदा सांगत नाही. केंद्र सरकारने २००८ मध्ये नगरसेवांसाठी मानदंड ठरविले. पाणी, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा अशा चार सेवांसाठी मिळून २८ मोजमापे त्यांत आहेत. बागा आणि मैदाने या यादीत नाहीत. महापालिकांच्या १९४९ च्या अधिनियमातही बागा व क्रीडांगणे यांची तरतूद हे ऐच्छिक कर्तव्य आहे. करावे, न केल्यास कोणी जाब विचारणार नाही. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून उद्याने, बागा व क्रीडांगणे बाराव्या अनुसूचीत आली, त्यामुळे विषयाला प्रतिष्ठा मिळाली. पण कर्तव्याची सक्ती आली नाही. ज्याची सक्ती नाही त्याचे निदान मोजमाप तरी असावे, नाहीतर ते काम कोणाच्याच नजरेस पडत नाही.

एक आकडा मात्र सर्वांना ठाऊक असतो. दरडोई मोकळी जागा! जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर माणशी ९ चौरस मीटर हा आकडा सर्वत्र फिरत असतो. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूत्रांत १० ते १२ चौरस मीटर असे म्हटले आहे. हे आकडे निरुपयोगी नाहीत. शहर एकंदरीत किती दरिद्री आहे, हे त्यांतून कळते. परंतु सरासरी ही फार लबाड वस्तू आहे, आणि शीळफाट्यावर उभे राहिले म्हणजे तिची लबाडी स्पष्ट दिसते.

ठाण्यात कोलशेतला २०२४ च्या फेब्रुवारीत एक मोठे उद्यान खुले झाले. त्याचे क्षेत्र सुमारे साडेवीस एकर. उद्यान देखणे आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. साडेवीस एकर म्हणजे जवळजवळ ८३ हजार चौरस मीटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लक्ष ४१ हजार होती. भागाकार केला तर या उद्यानामुळे प्रत्येक ठाणेकराच्या वाट्याला सुमारे ४५० चौरस सेंटीमीटर जागा आली. म्हणजे शाळेतल्या लांब वहीचे एक पान! शीळ गावातील मुलाच्या नावावरही हे पान जमा झाले. पण ते पान शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्यासाठी दोन वाहने बदलावी लागतात, आणि दाराशी प्रवेशशुल्क आहे. सरासरीच्या वहीत त्या मुलाची श्रीमंती वाढली. त्याची संध्याकाळ होती तशीच राहिली.

या भागाकारात वरचा आकडा आणि खालचा आकडा, दोन्ही तपासून घ्यावे लागतात. वर काय धरले आहे? पारसिकचा डोंगर धरला काय? खाडीकाठची तिवरे धरली काय? रस्त्याच्या दुभाजकातील हिरवळ, चौकातील कारंजे, सभासदांपुरते असलेले क्लबाचे मैदान, कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या पलावासारख्या नगरीतील रहिवाशांच्या बागा, हे सारे धरले काय? डोंगर आणि तिवरे शहराला जगवितात, हे निःसंशय. पण सात वर्षांची मुलगी दुभाजकात दोरीच्या उड्या मारू शकत नाही. आणि खाली कोणती लोकसंख्या आहे? २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची ठरली आहे. तोवर बहुतेक हिशेब २०११ च्या आकड्यांवर चालतात. जुन्या ठाण्यात यामुळे फारशी चूक होणार नाही. पण दिवा आणि शीळ या पट्ट्यात त्यानंतर केवढी वस्ती वाढली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या भागात माणसे दुप्पट झाली तेथे कागदावरची दरडोई जागा खऱ्याच्या दुप्पट दिसते. म्हणजे वस्ती जेथे सर्वांत वेगाने वाढते, तेथील दारिद्र्य सर्वांत जास्त झाकले जाते.

तेव्हा सरासरी बाजूला ठेवून आपण पायांनी मोजू लागू. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने २०१६ साली एक सोपी कसोटी सुचविली. प्रत्येक घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे सुमारे पाच मिनिटांच्या चालीवर, निदान अर्धा ते एक हेक्टरची हिरवी मोकळी जागा असावी. कसोटी चांगली आहे, पण ती आपल्या मातीत आणताना एक बदल करावा लागेल. नकाशावर कंपास ठेवून ३०० मीटरचे वर्तुळ काढणे येथे कामाचे नाही. शीळफाट्यावर रस्त्याच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला मैदान असेल, तर अंतर ६० मीटरच भरेल, परंतु मधून ट्रकांची अखंड रांग वाहते आहे. ते मैदान आईच्या दृष्टीने साठ मीटरवर नाही, साठ कोसांवर आहे. म्हणून अंतर मोजायचे ते दारापासून फाटकापर्यंत, आठ वर्षांच्या मुलाला एकटे पाठविता येईल अशा वाटेने. ही एकच अट घातली तर आपल्या शहरांच्या नकाशावरील किती हिरवे ठिपके फिके पडतील, याचा श्रोत्यांनी आपापल्या गल्लीपुरता विचार करून पाहावा.

बागेपर्यंत पोहोचलो. आता दार उघडे आहे काय? आपल्याकडील कित्येक बागांना सकाळच्या व संध्याकाळच्या ठरावीक वेळा असतात आणि दुपारी कुलूप असते. देखभालीसाठी थोडा वेळ लागतो, हे मान्य. पण दुपारी कोणाला बाग लागते ते पाहा. रात्रपाळी करून आलेला कामगार, एका घरचे काम आटोपून दुसऱ्या घरी जाण्यापूर्वी तासभर टेकू पाहणारी बाई, दोन वाजता शाळा सुटलेली मुले! बागेचे क्षेत्रफळ ज्या काळजीने लिहिले जाते, त्याच काळजीने तिचे उघडे तास लिहिले गेले पाहिजेत.

आत गेल्यावर माणसे मोजायची. यासाठी अमेरिकेतील संशोधकांनी २००६ च्या सुमारास बसविलेली एक पद्धत आता अनेक देशांत रूढ आहे. बागेचे लहान लहान भाग पाडायचे. दिवसातून चार ठरलेल्या वेळी एक माणूस त्या भागांतून ठरलेल्या क्रमाने फिरतो आणि टिपतो. पुरुष किती, स्त्रिया किती. बालके, कुमार, प्रौढ, वृद्ध किती. बसलेले किती, चालणारे किती, धावणारे-खेळणारे किती. कोणाचे नाव विचारायचे नाही, कोणाचे छायाचित्र घ्यायचे नाही. कामाचे दिवस आणि रविवार असे दोन्ही घ्यायचे. आपल्याकडे यात ऋतूंची भर घालावी लागेल, कारण वैशाखातील मैदान आणि श्रावणातील मैदान ही दोन वेगळी मैदाने असतात. या कामाला पेन्सिल, कागद आणि चिकाटी एवढेच लागते. महाविद्यालयातील मुले ते सहज करू शकतील.

हे मोजले तर काय हाती येते? एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, एक शोभिवंत बाग आहे. वर्षाचा खर्च २० लक्ष रुपये, उघडी १० तास, आणि कोणत्याही वेळी गेले तरी सरासरी ३० माणसे आत. म्हणजे दिवसाला ३०० माणूस-तास, वर्षाच्या ३६० दिवसांत १ लक्ष ८ हजार. एका माणसाच्या एका तासाला साडेअठरा रुपये पडले. शेजारी, समजा, एक साधे मैदान आहे. एक नळ, चार दिवे, थोडी सावली, कुलूप नाही. वर्षाचा खर्च ३ लक्ष, १२ तास वापर, सरासरी ४० माणसे. दिवसाला ४८० माणूस-तास, वर्षाला १ लक्ष ७२ हजार ८००. तासाला पावणेदोन रुपये. आता पुढच्या वर्षी पैसे कोठे घालावे, याची चर्चा निदान सुरू तरी होईल.

पण घाईने निकाल देऊ नये. त्या मैदानावरच्या ४० माणसांत मुली किती? समजा तीनच निघाल्या. मग तासाला पावणेदोन रुपयांचे हे स्वस्त मैदान अर्ध्या वस्तीला बंदच आहे, असे म्हणावे लागेल. न्यूयॉर्कच्या चौकांतील माणसांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करणारे विल्यम व्हाइट यांनी आपल्या १९८० च्या पुस्तकात अशीच एक खूण सांगितली आहे. एखाद्या सार्वजनिक जागेत स्त्रियांचे प्रमाण नेहमीपेक्षा कमी दिसले, तर त्या जागेत काहीतरी बिघडले आहे असे समजावे. दिवे नसतील, शौचालय नसेल, फाटकाशी टोळके उभे राहत असेल. कारण काहीही असो, आकडा त्याकडे बोट दाखवतो. त्याच व्हाइटांचा दुसरा निष्कर्ष तर इतका साधा आहे की ऐकून हसू यावे. माणसे तेथे बसतात, जेथे बसायला जागा असते! ठाणेकरांना हे सांगावयास नको. मासुंदा तलावाची पाळ आपण सर्वांनी पाहिली आहे. कठडा आहे, वारा आहे, तिकीट नाही आणि घड्याळ नाही. एवढ्यावर तलावपाळी वर्षानुवर्षे शहराचे दिवाणखाने चालवीत आहे.

चौथे मोजमाप अवस्थेचे. झोपाळ्याची साखळी तुटली आहे काय, घसरगुंडीचा पत्रा वर आला आहे काय, दिवा लागतो काय, नळाला पाणी आहे काय, शौचालय उघडे आहे काय? न्यूयॉर्कच्या उद्यान खात्याने १९८४ पासून अशी नियमित तपासणी चालविली आहे. बाक, कुंपण, खेळणी, झाडे, हिरवळ, कचरा अशा एकेका बाबीला 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असा शेरा मिळतो, आणि एकंदर निकाल जाहीर होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी तर २००३ मध्ये मतदानाने ठराव करून बागांच्या देखभालीचे मानदंड आणि त्यांची तपासणी नगराच्या हिशेबतपासनिसाच्या कक्षेत आणली. यातून घेण्यासारखे दोन धडे आहेत. एक, जो बाग राखतो त्याने आपल्याच बागेला गुण देऊ नयेत. दुसरा, नापास कशाला म्हणायचे हे आधी लिहून ठेवावे. 'बाग बरी आहे' या वाक्याला काही किंमत नाही. 'तुटलेली साखळी सात दिवसांत बदलली नाही तर नापास' या वाक्याला आहे.

आणि आता आम्ही त्या मोजमापाकडे येतो, ज्यासाठी शीळफाट्याचे नाव आम्ही पहिल्या वाक्यांपासून धरून ठेवले आहे. ते आहे काळाचे मोजमाप. नगररचनेचा १९६६ चा अधिनियम शहराला आराखड्यात बागांसाठी, मैदानांसाठी जागा राखून ठेवू देतो. परंतु त्याच कायद्याचे १२७ वे कलम म्हणते की, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपले असे समजले जाते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून हे कलम आहे, आणि ते योग्यच आहे. कोणाची जमीन जन्मभर अडकवून ठेवणे बरे नव्हे. परंतु याचा अर्थ असा की, आराखड्यावरील प्रत्येक हिरव्या चौकोनाच्या पोटात एक घड्याळ चालू असते. ते घड्याळ कोण पाहतो?

शीळफाट्यासारख्या ठिकाणी ते पाहणे आणखी कठीण आहे. कारण येथे ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई या तीन महापालिकांच्या हद्दी एकमेकींच्या जवळ येतात. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या २७ गावांची कथा आपणांस ठाऊक आहे. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर काढली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली, आणि त्यानंतरही वाद चालूच राहिला. दर वेळी गाव जागच्या जागी राहिले. कागद मात्र या कपाटातून त्या कपाटात गेले. गावाला पूर्वी गुरचरण होते, खळी होती, देवळापुढचे अंगण होते, तलाव होता. खिडकाळेश्वराचे देऊळ आणि त्याचा तलाव अजून आहेत, महाशिवरात्रीला तेथे गर्दी लोटते. बाकीच्या मोकळ्या जागांचे काय झाले, याची सलग नोंद एका ठिकाणी मिळणे दुर्घट आहे.

येथे कोणी म्हणेल, 'अहो, लोकांना घर नाही, पाणी नाही आणि तुम्ही बागांचे काय घेऊन बसलात?' हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच परिसरात ४ एप्रिल २०१३ रोजी एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुले होती. घराची गरज माणसाला कोठवर नेते, याचा त्याहून दारुण पुरावा नको. परंतु त्या दुर्घटनेने आणखीही एक गोष्ट शिकविली. ज्या भूमीची नोंद कोणी नियमाने पाहत नाही, तेथे काय उभे राहत आहे हे शहराला ढिगारा झाल्यावरच कळते. मोकळ्या जागेची तारीखवार नोंद ठेवणारे शहर बेकायदा पायाही वेळेवर पाहील. नोंदीची सवय ही एकच आहे. ती बागेपुरती लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. आकड्यांचा नाद लागला की माणसे आकड्यांसाठीच काम करू लागतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनाच्या संदर्भात जे सांगितले, त्याचे सार पुढे असे रूढ झाले की, मोजमापालाच ध्येय केले की ते मोजमाप बिघडते. आपल्या शाळांत हेच घडते; परीक्षेपुरते शिकविले जाते. बागेत फक्त डोकी मोजली, तर उद्या कोणी तेथे कर्णे लावून जत्रा भरवील आणि आकडा फुगवील. शांतपणे बाकावर बसलेल्या आजोबांना तेथून उठावे लागेल. म्हणून एका आकड्यावर कधी विसंबू नये. वाट, वेळ, वापर, अवस्था आणि आरक्षणाचे वय ही पाच मोजमापे एकत्र ठेवली, तर एकाची लबाडी दुसरे उघडी पाडते. शिवाय काही आनंद मोजपट्टीच्या बाहेरच राहणार. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणाई लोटते. तो रस्ता कोणत्याही उद्यानाच्या यादीत नाही, तरी त्या पहाटेपुरता तो शहरातील सर्वांत मोठा बगीचाच असतो. वही त्यापुढे नम्र असावी, एवढेच आम्ही म्हणू.

आता कामाचे बोलू. हे सारे महापालिकेने करावे, अशी मागणी करून घरी जाणे सोपे आहे. परंतु मुंबईतील एका नागरिक संस्थेने वेगळा मार्ग दाखविला आहे. सिटीस्पेस या संस्थेने बृहन्मुंबईतील ६०० राखीव मोकळ्या जागा एकेक करून पाहिल्या आणि त्यांची स्थिती नोंदवून २०१० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. कोणती जागा बाग आहे, कोणती कुलूपबंद आहे, कोणतीवर अतिक्रमण आहे, हे नावानिशी कागदावर आले. 'मुंबईत मोकळ्या जागा नाहीत' हे रडगाणे त्यानंतर 'अमुक जागेचे काय झाले?' या प्रश्नात बदलले. रडगाण्याला उत्तर देण्याची गरज नसते. प्रश्नाला द्यावे लागते.

शीळफाट्याच्या परिसरात ६०० जागा नाहीत. एका उन्हाळी सुट्टीत पायी फिरून संपतील एवढ्याच आहेत. आराखड्याची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मिळते. ठाण्याचा सुधारित प्रारूप आराखडा २०२४ मध्ये हरकती व सूचनांसाठी प्रसिद्धही झाला होता. प्रत्येक आरक्षणासाठी एक पान करावे. भूमापन क्रमांक, क्षेत्र, आरक्षणाचा हेतू, आराखडा अमलात आल्याची तारीख, दहा वर्षे पूर्ण होण्याची तारीख, ताबा कोणाचा, आणि आज तेथे प्रत्यक्ष काय आहे. जी बाग अस्तित्वात आहे तिच्यासाठी आणखी एक पान. दारापासूनची सुरक्षित वाट, उघडे तास, चार वेळची माणसांची मोजदाद, तुटक्या वस्तूंची यादी. महापालिकेच्या आयुक्तांनी दर वर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणस्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा, असे अधिनियमात आहेच. त्या अहवालात ही पाने जोडली जावीत, अशी मागणी करावी. नवा कायदा लागत नाही, नवे खाते लागत नाही.

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत वेगवान आगगाडीसाठी २१ किलोमीटरचा बोगदा खणला जात आहे. त्यातील सात किलोमीटर खाडीखालून आहेत. बोगदा किती मीटर पुढे सरकला, याची नोंद ठेवावी लागते, आणि ती तशी झाली नाही तर बोगदा होणारच नाही. हे अभियंत्यांचे मोठे कर्तृत्व आहे. जेथे तो बोगदा वर येतो, त्याच्या शेजारच्या वस्तीत मुलाला पायी जाता येईल असे मैदान किती मीटरवर आहे, हेही कोणी लिहून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे. दोन्ही मोजमापे एकाच मापाने होतात. एकासाठी मोठी यंत्रे लागतात. दुसऱ्यासाठी वही, पेन्सिल आणि सुट्टीची चार संध्याकाळ.

येत्या रविवारपासून कोणी हे काम हाती घेणार असेल, तर आपापल्या वाटणीची गल्ली सांगून त्यांनी येथेच नावे द्यावीत.